अर्धे पीठ, पुरता भाव

चैत्राचे ऊन माथ्यावर घेत खान्देशातील पायी यात्रेकरू मालेगावमार्गे देवळ्यात येतात आणि कळवणवरून नांदुरीची वाट धरतात. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत सप्तशृंग गडाकडे हा ओघ पिढ्यान्‌पिढ्या वाहत आला आहे. साडेतीन पीठांत भगवतीचे हे पीठ अर्धे गणले जाते; पण या वाटसरूंचा भाव अर्धा नसतो. पायाला फोड आले म्हणून अर्ध्या वाटेवरून कोणी परतत नाही.

आमच्या देवघरांविषयी असे छातीठोकपणे म्हणवत नाही. नवस बोलावा, फळ लांबले की दुसरे दैवत गाठावे, तेथेही निराशा झाली तर कोणा बुवाचा अंगारा आणावा! अनेक रूपांत एकच देव पाहणे हे आपल्या धर्माचे वैभव आहे. पण कांद्याच्या भावाबरोबर देवावरचा भावही चढू-उतरू लागला, तर त्याला भक्ती कसे म्हणावे?

या दोलायमान मनाची एक कथा आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई या कवी नारायण वामन टिळकांच्या पत्नी. आगगाडीत एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने दिलेला ‘नवा करार’ वाचून टिळकांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले. परंतु बाप्तिस्मा घेताच पत्नी, मूल, आप्त सारे दुरावणार, हेही त्यांना दिसत होते. मन एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे, अशा अवस्थेत बराच काळ गेला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि भीती होती तेच घडले, संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागून डोळे झाकून धाव घेतली नाही. सोवळेओवळे आणि जातिभेद यांच्याशी त्या मनात झगडल्या आणि १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावरच, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

सणाच्या पानावर धर्मांतराची कथा कशाला, असे कोणी विचारील. टिळकांचा मार्ग आमचा नव्हे. परंतु तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणारा हा अभंगकार वारकऱ्यांना सर्वस्वी परका कसा मानावा? १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीही सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. उद्याची तरतूद नसलेल्या घराचा भार कोणावर पडतो, हे गृहिणींना सांगावयास नको. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते आणि डोळेही भरतात, ते याचमुळे. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक गेले.

चैत्रोत्सवाच्या दिवसांत दारावरून जाणाऱ्या यात्रेकरूंना पाण्याचा तांब्या पुढे करताना, कोणता नवस फेडावयास निघालात, असे सहज विचारून पाहावे. ‘दरसाल जातो’ एवढेच सांगून पुढे होणारेही त्यांत पुष्कळ भेटतील.