डावा कोपरा कोणाचा?

रावेरला केळीच्या गाड्या भरून झाल्या की चहाच्या टपरीवर दोन वाद हमखास रंगतात. एक केळीच्या भावाचा, दुसरा कबड्डीचा. यू मुंबा आणि पुणेरी पलटण या आपल्या दोन संघांतून खेळलेला आजवरचा सर्वांत मोठा बचावपटू कोण?

जुने लोक यू मुंबाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विशाल मानेचं नाव घेतात. कोणी गिरीश एर्नाक म्हणतं. तरुण पोरं मोहम्मदरेझा शादलूईवर फिदा. 2024 च्या मार्चमध्ये पलटण पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, त्या हंगामात सर्वाधिक पकडगुण त्याचेच होते.

माझं मत फजल अत्राचलीला. 2015 मध्ये यू मुंबा विजेती झाली तेव्हा तो संघात होता. 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी एक कोटी मोजले. प्रो कबड्डीत ही रक्कम गाठणारा तो पहिला खेळाडू, आणि तोही चढाईपटू नव्हे, बचावपटू! 2022 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पलटण अंतिम फेरीत गेली.

पण माझं कारण आकड्यांत नाही. फजल डाव्या कोपऱ्यात उभा असला की चढाईपटू तिकडे पाय टाकायला कचरतो. अर्धं मैदान आपोआप बंद होतं आणि बाकी सहा जणांचं काम सोपं होतं. जी चढाई त्याच्याकडे वळलीच नाही, तिचा गुण कोणत्या तक्त्यात लिहिणार? बचावपटूचं मोठेपण पुष्कळदा असं न लिहिलेलं असतं.

मी हे सांगितलं की कोणीतरी हसत म्हणतं, "सर, नाव बघून मत दिलं ना?" आणि आपल्या मोहल्ल्यातली काही पोरंही तेच उलट्या बाजूने करतात. "अपना बंदा है" म्हणायचं की वाद संपला. मला दोन्ही बोलणी सारखीच खटकतात. दोघांनीही खेळ पाहिलेला नसतो, फक्त नाव वाचलेलं असतं.

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फजलच्या इराणने उपांत्य फेरीत भारताला 27-18 असं हरवलं. त्या भारतीय संघात आपला गिरीश होता. त्याच स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला 27-24 ने हरवून सुवर्ण जिंकलं. त्यांच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन. आता सांगा, यात आपलं कोण आणि परकं कोण? आणि पलटणने करंडक उचलला तेव्हा कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्याच्यासाठी टाळ्या वाजवताना पुण्याने नाव नाही, खेळ पाहिला.

वर्गात मी मुलांना सांगतो, मत कोणालाही द्या, पण त्याची एक तरी पकड सांगा. घोटा कसा धरला, साखळी कधी तुटू दिली नाही, ते बोला. ज्याला हे सांगता येईल, त्याच्याशी मी रात्रभर भांडायला तयार आहे. शादलूईचं नाव घेतलं तरी चालेल.