सव्वाशे रुपयांची रिंग

कुकरची रिंग कडक झाली की झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसायला लागते. शिट्टी व्हायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागतो, कधी ती होतच नाही. वरचा भात चिकट होतो आणि खालची डाळ दाताखाली लागते. कुकरचं सगळं काम त्या रबराच्या वेढ्यावर चाललेलं असतं. आत वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि त्या वरच्या वीस अंशांच्या जोरावर तूरडाळ झटपट शिजते. वाफ कडेनं निसटली की हातात उरतं ते जड झाकणाचं पातेलं. तरीही नवी रिंग लगेच येत नाही. आधी जुनी रिंग फ्रीजरमध्ये ठेवून आवळून पाहतात, मग उलटी करून बसवतात, मग झाकणावर लाटण्याचा एक दणका देतात. यात दोन-तीन महिने सहज जातात. रिंग मिळते सव्वाशे रुपयांच्या आसपास. रोज दोनदा कुकर लागतो आणि रिंग वर्षभर टिकते असं धरलं, तर एका वापराला सतरा पैसे पडतात. जादा जळलेल्या गॅसमधूनच तिचे बरेचसे पैसे सुटले असते. ओट्यापाशी ताटकळणाऱ्या बाईचा वेळ तर या हिशेबात धरलेलाच नाही.

रोज हाताशी लागणाऱ्या स्वस्त वस्तूंवर आपण जे पैसे वाचवतो, त्याला काटकसर म्हणायला माझी तयारी नाही. काटकसरीला हिशेब लागतो, आणि इथे तो झालेलाच नसतो. पैसे मोजताना माणूस रक्कम कमी आणि प्रमाण जास्त पाहतो, हे एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात दाखवून दिलं होतं. (कानमन यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) प्रश्न साधा होता. १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या दुकानात ५ डॉलरनं स्वस्त मिळतोय, तर तिकडे जाल का? ६८ टक्के लोक हो म्हणाले. कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा आहे असं सांगितल्यावर मात्र त्याच ५ डॉलरसाठी जायला फक्त २९ टक्के तयार झाले. वाचणारे पैसे तेच, जायचं अंतर तेच. आपल्याकडे हे रोज दिसतं. चाळीस हजारांचा फ्रीज घेताना दाराच्या रंगापायी आठशे रुपये जादा गेले तर कोणी हूं की चूं करत नाही. तेच घर ७० रुपयांचं सालकाढणं ४० ला मिळतं का हे पाहत दोन दुकानं पालथी घालतं आणि बोथट पात्याचं घेऊन येतं. मग ते बटाट्यावरून घसरतं, डोळ्यांपाशी अडतं, दुधीची साल लांब पट्टीत न निघता चिंध्यांसारखी निघते आणि सालीबरोबर गरही जातो. आठवडाभरात ते खणात जातं आणि पुन्हा सुरी हातात येते. वाचलेले तीस रुपये गेले ते गेलेच, वर चाळीसही गेले.

पण एवढ्यानं सगळा उलगडा होत नाही, कारण काही स्वस्त वस्तू आपण झपाट्यानं स्वीकारल्या आहेत. एलईडी दिव्याचंच घ्या. केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. २०१४ साली सरकारी खरेदीत एका दिव्याला ३१० रुपये पडत होते, २०१६ पर्यंत तो दर ३८ रुपयांवर आला. योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. साठ वॉटच्या पिवळ्या दिव्याच्या जागी नऊ वॉटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला ९० हून अधिक युनिट वाचतात. हे गणित कोणाला दोनदा समजावून सांगावं लागलं नाही. वाचलेली वीज महिन्याच्या महिन्याला बिलावर छापून येते आणि ते बिल घरातल्या पैसे देणाऱ्या माणसाच्या हातात पडतं. पाठीचं, गुडघ्याचं, मनगटाचं बिल कोणी छापत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटांचा. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे घरातल्या अवजारांचा वापर बहुतांशी एका माणसाकडे, आणि मोठ्या खरेदीचा शब्द बऱ्याच घरांत अजूनही दुसऱ्याकडे. त्रास ज्याला होतो त्याच्याकडे पाकीट नाही, आणि पाकीट ज्याच्याकडे आहे त्याला शिट्टी उशिरा झाल्याचं कळतही नाही. कडक झालेली रिंग दोन-तीन महिने तशीच का राहते याचं माझ्या मते हेच खरं कारण आहे.

मोलकरणीच्या बाबतीत तर हे उघडंच दिसतं. लांब दांड्याची सुपली दोन-अडीचशे रुपयांना मिळते. ती असली की केर भरायला वाकावं लागत नाही. नसली की प्रत्येक खोलीच्या शेवटी एकदा, जिन्यात एकदा आणि गॅलरीत एकदा कमरेतून वाकायचं, तेही दिवसाला पाच-सहा घरांत. ज्या घरात वर पोचायला अवघड म्हणून माळ्याची फोल्डिंग शिडी आली, त्याच घरात सुपली मात्र हातभर लांबीची, कडेला चिरलेली, आणि त्या चिरेतून बारीक धूळ परत फरशीवर सांडणारी असते. मग ती धूळ पुन्हा झाडायची. इथे वस्तू न घेणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं नाही. त्यानं ती सुपली कधी हातात धरलेली नसते, एवढंच.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात असं मांडलं की घरात यंत्रं आली म्हणून गृहिणीचे कामाचे तास घटले नाहीत. लाकडं फोडणं, पाणी आणणं अशी पुरुषांची आणि मुलांची कामं यंत्रांनी काढून घेतली, नोकरचाकर गेले, स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, आणि उरलेलं सगळं बाईच्या पदरात पडलं. हा मुद्दा मला मान्य आहे. आपल्याकडे वॉशिंग मशीन आल्यावर दोन दिवस वापरायचे कपडे रोज धुवायला पडू लागले, हे कोणीही सांगेल. पण सालकाढण्यामुळे बटाटे जास्त सोलावे लागत नाहीत, आणि सुपलीचा दांडा लांब झाला म्हणून केर वाढत नाही. लहान अवजारं अपेक्षा वाढवत नाहीत, फक्त कष्ट कमी करतात. शिवाय ती आणखी एक काम करतात. विळीवर भाजी चिरायला जमिनीवर मांडी मोडून बसता यावं लागतं, पातं स्थिर आणि हात हलता हे अंगवळणी पडावं लागतं, आणि ते लहानपणीच पडलं तर पडतं. घरातल्या पुरुषाला विळीवर बसवलं की बोट कापण्याचीच भीती. कोकणात आणि गोव्यात जिथे रोज नारळ लागतो तिथे विळीच्या टोकाची दातेरी खवणी अशीच सरावाची. ओट्याला चिकटणारी, हँडल फिरवायची खवणी मात्र बारा वर्षांचा मुलगाही चालवतो. कोवन यांच्या यंत्रांनी बाप्यांची आणि पोरांची कामं हिरावली होती, ही अवजारं ती परत देऊ शकतात. देतातच असं मी म्हणणार नाही. वरच्या सर्वेक्षणात पुरुषांची मिनिटं वाढलेली नाहीत, उलट नऊनं घटली आहेत. मात्र ‘मला येत नाही’ या सबबीचा एक आधार तरी निघून जातो.

दुसरा आक्षेप पैशांचा. ज्या घरात महिनाअखेरीस तेलाची पिशवीही अर्ध्या लिटरची येते, तिथे दोनशेची सुपली ही चैनच. हे खरं आहे, आणि हा लेख त्या घराला शहाणपण शिकवण्यासाठी नाही. तिथे हिशेब आमच्यापेक्षा नीट केला जातो. पुरावा हवा असेल तर टँकरपुढची रांग पाहावी. मराठवाड्यात उन्हाळ्यात गावाबाहेर टँकर आला की पुढ्यात दिसतात त्या निळ्या-लाल प्लास्टिकच्या घागरी. पितळी हंडा किंवा तांब्याची कळशी क्वचितच. शहरी माणसाला प्लास्टिक डोळ्यांत खुपतं आणि जुन्या हंड्याचं कौतुक वाटतं. पण पंधरा लिटर पाणी म्हणजेच पंधरा किलो वजन, त्यात पितळेचे आणखी काही किलो कशाला? ते वजन कमरेवर कोण घेतं, याचं उत्तर ज्या बायकांना ठाऊक होतं त्यांनी हंडा माळ्यावर टाकला. चाळीत नळावरून घरातल्या पिंपापर्यंत टाकलेली रबरी नळी हाही त्याच जातीचा शोध. काही मीटर नळीनं रोजच्या कितीतरी खेपा वाचल्या. या वस्तू कोणत्याही प्रदर्शनात ‘किचन गॅजेट’ म्हणून मांडल्या गेल्या नाहीत. ज्यांना ओझं होतं त्यांनीच त्या निवडल्या, म्हणून निवड चुकली नाही.

आणि प्रदर्शनांचा विषय निघालाच आहे तर अडगळीचंही बोलायला हवं. दिवाळीच्या आधी ग्राहक पेठांत माईक लावलेला विक्रेता पाच मिनिटांत टोमॅटोचं कमळ करून दाखवतो आणि गर्दी दीडशे-दोनशे रुपये काढते. ते यंत्र घरी आल्यावर धुवायला दहा मिनिटं लागतात, पातं हरवतं, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ते पुठ्ठ्याच्या खोक्यासकट सापडतं. स्वस्त म्हणून आणलेल्या अशा वस्तूंनी खण भरतात, तेव्हा ‘स्वस्त घ्या’ हा सल्ला धोक्याचा, असं कोणी म्हटलं तर चूक नाही. पण फरक ओळखायला फार अवघड नाही. कामाच्या वस्तूचा त्रास आधीपासून घरात असतो. गाळणीची जाळी फाटल्यामुळे चहात पत्ती येते, सांडशीची खीळ ढिली होऊन उकळतं पातेलं हातात डुगडुगतं, लायटर आठ वेळा खटखट करून नवव्यांदा पेटतो आणि तोवर बर्नरभोवती गॅस साचलेला असतो. विक्रेत्याच्या वस्तूचा त्रास मात्र आधी त्यालाच शोधून दाखवावा लागतो. टोमॅटोची फुलं होत नाहीत याचा त्रास त्या दिवसापर्यंत कोणाला होत नव्हता. म्हणून घ्यायच्या वस्तूंची यादी दुकानात करू नये, कामाच्या जागी करावी, आणि काम करणाऱ्यानं करावी.

अडचण अशी की यातल्या पुष्कळ वस्तू भांड्यांच्या दुकानात नसतातच. नळाचा वायसर, कपड्यांच्या दांडीची पुली, दारामागचा हूक, खणाची सरकपट्टी हे सगळं हार्डवेअरच्या दुकानात. तिथे काउंटरवर माप विचारतात, ‘अर्ध्याचा की पाऊणचा?’ आणि उत्तर माहीत नसलेलं गिऱ्हाईक परत फिरतं. एका वायसरसाठी प्लंबर येत नाही, आला तर वायसरच्या वीसपट घेऊन जातो. म्हणून नळ ठिबकत राहतो. सेकंदाला एक थेंब, पाव मिलिलिटरचा धरला, तरी दिवसाकाठी वीस लिटरच्या वर पाणी जातं, म्हणजे टँकरच्या रांगेतल्या घागरीपेक्षा जास्त. जुना वायसर काढून खिशात घालून न्यावा, म्हणजे मापाचा प्रश्न उरत नाही. आणि प्लंबरला बोलवायचंच असेल तर चार कामं साठवून एकदम बोलवावं.

त्या चारांत एक काम असं आहे ज्याला वापराला किती पैसे पडले हे गणितच लागू पडत नाही. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला लावायची आधाराची स्टीलची दांडी. तरुण घरात ती वर्षभर टॉवेल टाकायला वापरली जाईल, आणि तिचा खरा उपयोग एखाद्याच दिवशी, साबणाच्या फरशीवर पाय सरकेल त्या क्षणी होईल. साधी दांडी काही शे रुपयांत येते. बहुतेक घरांत ती आजीचं खुब्याचं हाड मोडल्यानंतर, हॉस्पिटलचं बिल भरून झाल्यावर बसते. ती बसवताना टाइलला भोक पाडून, मागच्या विटेपर्यंत जाऊन, प्लग ठोकून स्क्रूनं आवळावी लागते, आणि अख्खं वजन टाकून ओढून पाहावी लागते. टाइलला भोक नको म्हणून रबरी चकतीच्या सक्शनवर चिकटणाऱ्या दांड्याही हल्ली मिळतात, त्याहून स्वस्त. ओल्या भिंतीवर ती चकती कधी सुटेल याचा भरवसा नसतो, आणि तोल गेलेला माणूस नेमका तिच्यावरच वजन टाकतो. ती घेऊ नये. घर भाड्याचं असेल आणि मालक भोक पाडू देत नसेल, तर त्याच्या मागे लागावं, पण स्क्रूचीच बसवावी.