‘कोसला’ : होस्टेलची प्रत

आमच्या होस्टेलमध्ये ‘कोसला’ची एक प्रत आहे. ती लायब्ररीची नाही आणि कुणा एकाच्या मालकीचीही नाही. मूळचं कव्हर कधीच गेलं, आता त्यावर ड्रॉइंग शीटचं कव्हर आहे. पहिल्या पानावर आठ-दहा नावं, प्रत्येकापुढे ब्रँच आणि रूम नंबर. शेवटून दुसरं नाव माझं. फर्स्ट इयरच्या दुसऱ्या सेमला एका सिनियरने ती माझ्या कॉटवर फेकली आणि म्हणाला, "वाच. एम-टूपेक्षा उपयोगी आहे."

दोन रात्रींत वाचून काढली. मग आमच्या विंगमध्ये साथच आली म्हणा ना! ज्याला त्याला पांडुरंग सांगवीकर व्हायचं होतं. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘वगैरे’. सबमिशन वगैरे, व्हायवा वगैरे, घरून फोन वगैरे. दांडी मारली तर ती नुसती दांडी राहिली नाही, तिला तत्त्वज्ञान आलं. दाढी वाढवणं तर फुकटच असतं. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. पांडुरंगही पंचविशीतच आपली गोष्ट सांगतो. इतक्या वर्षांनी एखाद्या पुस्तकाने मेकॅनिकलच्या पोरांची बोलण्याची ढब बदलावी, हे काही थोडंथोडकं नाही. नेमाड्यांना २०१४ सालचं ज्ञानपीठ मिळालंय हे आम्हाला फार नंतर कळलं, आणि कळल्यावर आम्ही थोडे नाराजच झालो. आमचा माणूस सरकारी झाल्यासारखं वाटलं.

असो. या पीएलमध्ये रूम आवरताना ती प्रत पुन्हा हाती लागली. टेबलावर फायनाइट एलिमेंट उघडं होतं. म्हटलं, दहा पानं वाचू. पहाटे चार वाजता पुस्तक संपलं, आणि मी सुन्न बसलो. कारण मी तीन वर्षं ज्या पांडुरंगाची नक्कल करत होतो तो या पुस्तकात नाहीच!

आमचा पांडुरंग आळशी होता. पुस्तकातला पांडुरंग सुरुवातीला सगळ्यात उद्योगी पोरगा आहे. खेड्यातून पुण्याला येतो आणि हात घालणार नाही असं काम नाही. वादविवाद मंडळाचा सेक्रेटरी हा, होस्टेलच्या जबाबदाऱ्या अंगावर घेणारा हा, गॅदरिंगचं नाटक बसवणारा हा. पोरांना नाही म्हणता येत नाही म्हणून खर्चात जातो. त्याच्या भलेपणावर चार जण चरतात आणि अभ्यास राहतो तो राहतोच. बेफिकिरी नंतर येते. चांगलं वागून काय मिळालं, याचा हिशेब घालून झाल्यावर येते. आम्ही तो हिशेब सोडून थेट उत्तरच कॉपी केलं. इंजिनीयरिंगच्या जर्नलची सवय, दुसरं काय!

त्या प्रतीत अधोरेखनं फार आहेत. निळं, काळं, लाल बॉलपेन, कुठे पेन्सिल. हिरवं माझं. या वेळी मी गंमत म्हणून कुणी कुठे रेघ मारलीय ते बघत गेलो. सगळ्या पिढ्यांच्या रेघा एकाच जागी! होस्टेलच्या गमती, प्रोफेसरांची टिंगल, चहा, सिगरेटी, मेस. पांडुरंग आणि सुरेश बापट भविष्यातले इतिहासकार होऊन आपल्याच काळाचा इतिहास सांगतात, तिथे तर पान रेघांनी फाटायला आलंय.

आणि मनी? पांडुरंगाची धाकटी बहीण मरते. ही पानं स्वच्छ आहेत. एकही रेघ नाही. माझीसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मनी मरते हे मी विसरलोच होतो. कादंबरीच्या मधोमध एक लहान मुलगी मरते, त्या दुःखाने माणूस वेडापिसा होतो, आणि ‘माझं आवडतं पुस्तक’ म्हणून तीन वर्षं मिरवणाऱ्या मला ते आठवत नव्हतं! तिच्या मरणानंतर अजिंठ्याचा भाग येतो. पहिल्यांदा मी तो सहलीचं वर्णन म्हणून उडत उडत वाचला होता. आता कळलं की लेण्यांत फिरणारा हा माणूस बहिणीला बरोबर घेऊन फिरतोय. बुद्धाच्या मूर्ती बघतोय आणि डोक्यात घरची खोली आहे. मला पुढचं पान उलटवेना.

वडिलांबद्दलही लिहायला हवं. पहिल्या वाचनात ते सरळसरळ व्हिलन. आता वय वाढलं म्हणून मी त्यांच्या बाजूने झालो असं मुळीच नाही. ते हेकट आहेत, घरात त्यांचा धाक आहे आणि पांडुरंगाचा राग मला आजही पटतो. पण या वेळी पैसा दिसला. पुस्तकभर पैसा आहे. किती मागवला, किती उरला, कुणाला दिला. वडिलांचा तिटकारा करायचा आणि खर्चाला त्यांच्याच तोंडाकडे बघायचं, ही अडचण पांडुरंग कधी लपवत नाही. आम्ही मात्र ती लपवली. घरून पैसे आले की आम्ही वगैरे म्हणत नव्हतो, गपचूप एटीएमला जात होतो.

आता मुद्द्याचं सांगतो. माझा पहिला रूम पार्टनर. विंगमध्ये त्याला सगळे ‘सांगवीकर’च म्हणायचे. हा पोरगा मेस कमिटीत होता, गॅदरिंगला मांडव घालणाऱ्यांत होता, कुणाला रात्री ताप आला तर रिक्षा आणायला हाच. दुसऱ्यांची जर्नलं उतरवून द्यायचा आणि स्वतःची राहायची. सेकंड इयरपासून त्याने लेक्चरला जाणं सोडलं. दिवसभर झोपायचा. आम्ही म्हणायचो, खरा पांडुरंग झाला लेका! विषय राहत गेले, वायडी झाला. रोल नंबर नोटीस बोर्डवर लागला. सर, मॅडम, माफ करा, पण त्या यादीत नाव लागल्यावर त्याच्या दारावर कुणी टकटक केल्याचं मला आठवत नाही. तुमची तक्रार करायला मला तोंड नाही म्हणा. मला तर टकटकही करायची नव्हती, मी आतच होतो.

त्याचे वडील न्यायला आले. कँटीनमध्ये मी त्यांना चहा पाजला. कपातलं बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "तुमी तर एकाच खोलीत ना? मंग तुमाला तरी काही बोलला का?" मी म्हणालो, नाही काका. खरंच बोलला नव्हता. आम्हीही विचारलं नव्हतं. पांडुरंगही शेवटी गावी परत जातो ना, मग आम्हाला त्यात कादंबरीच दिसली. रात्री आम्ही त्याच्या नावाने पार्टीही केली. तो शेवट परवा पुन्हा वाचला. परीक्षा गेलेला माणूस गावात रिकाम्या लोकांत बसून दिवस काढतोय. त्यात पार्टी करण्यासारखं काही नाही.

हे पुस्तक फर्स्ट इयरच्या पोरांच्या हाती देऊ नये, बिघडतात, असं आमच्या विंगमधल्या एकाचं ठाम मत आहे. मला ते पटत नाही. बिघडायला पुस्तक लागत नाही, त्याला वायफाय पुरतं. माझं म्हणणं एवढंच की ही प्रत पुढे देताना घेणाऱ्याकडून कबूल करून घ्यावं, बी.ई.ला पुन्हा वाचायची, आणि रेघ मारायची तर दुसऱ्या रंगाची. मी मनीच्या पानावर मारलेली नाही. हात गेला नाही.

पुस्तक संपलं त्याच दिवशी दुपारी पार्टनरला फोन लावला. दोन वर्षांनी. तो मामाच्या ठिबकच्या दुकानात बसतो. पाइप, लॅटरल, फिल्टर, सगळं तोंडपाठ झालंय म्हणाला. मी त्याला ‘कोसला’बद्दल बरंच काही ऐकवलं. तो मध्येच म्हणाला, "अरे, मी ते अर्धंच वाचलंय. तुम्ही सांगवीकर म्हणायचात म्हणून गप्प बसायचो."

यावर काय बोलणार?

मग त्याने विचारलं, "माझ्या मेसच्या डिपॉझिटचं काय झालं रे?" तीन हजार रुपये. जाताना तो फॉर्म सही करून माझ्याकडेच देऊन गेला होता, ऑफिसात टाकायला. तो माझ्या कपाटात, जुन्या असाइनमेंटच्या फाइलमध्ये सापडला. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. क्लार्क म्हणाले, फॉर्म चालेल, पण मूळ पावती लागेल. पावती कुठे ठेवलीय ते विचारायला आज रात्री त्याला परत फोन करायचाय. दुकान आठला बंद होतं.