एजंटच्या परवान्यात समतेची अट हवी

घर शोधणाऱ्या मुसलमानाला नकार सहसा घरमालकाच्या तोंडून मिळत नाही. तो एजंटकडून येतो, तोही गोड शब्दांत. ‘माझं काही नाही हो, सोसायटीवाले ऐकत नाहीत.’ नाव सांगेपर्यंत रिकामा असलेला फ्लॅट नाव ऐकताच ‘कालच गेलेला’ असतो.

एजंट होणे आता पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही. २०१६च्या रेरा कायद्यानुसार, नोंदणीकृत प्रकल्पातील घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करायची तर एजंटने नोंदणी करावीच लागते. महाराष्ट्रात व्यक्तीसाठी शुल्क १० हजार रुपये आणि मुदत ५ वर्षे. २०२३ साली महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षाही बंधनकारक केली. चटई क्षेत्र म्हणजे काय, करारनाम्यात काय असावे, हे एजंटला आता शिकून यावे लागते. ग्राहकाच्या दृष्टीने ही सुधारणा स्वागतार्हच आहे.

पण याच कायद्याचे कलम १० पाहा. नोंदणी नसलेला प्रकल्प विकू नये, हिशेब ठेवावा, अनुचित व्यवहार करू नये, ग्राहकाला कागदपत्रे द्यावीत, ही एजंटची कर्तव्ये त्यात आहेत. धर्म किंवा जात पाहून ग्राहकाला परत पाठवू नये, असे स्पष्ट शब्दांत कुठेही नाही. आणि निव्वळ भाड्याची घरे दाखवणाऱ्या एजंटला तर ही नोंदणीच लागू नाही. नकाराचा अनुभव सर्वाधिक येतो तो तिथेच.

‘घर कुणाला द्यायचे हा मालकाचा हक्क’, असे उत्तर मिळते. पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा उपनियम वैध ठरवला, याचाही दाखला दिला जातो. पण एजंट ना मालक आहे, ना सोसायटी. तो शासनाच्या नोंदणीवर सर्वांसाठी धंदा करतो. दुकानात, हॉटेलात धर्मावरून अटकाव करता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद १५ सांगतो. तेच तत्त्व एजंटच्या दाराला का नको? अमेरिकेच्या १९६८च्या गृहनिर्माण समता कायद्याने ब्रोकरलाही धर्म-वंशावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. नियमांद्वारे एजंटवर आणखी कर्तव्ये टाकण्याची तरतूद कलम १० मध्येच आहे. राज्य सरकारने भेदभाव न करण्याचे कर्तव्य नियमांत घालावे, महारेराने ते प्रशिक्षणात शिकवावे. भाड्याच्या एजंटांना नोंदणीत आणण्यासाठी मात्र कायदा करावा लागेल, आणि त्याची मागणी आपण केली पाहिजे.

आपल्या तरुणांनीही ही परीक्षा देऊन या व्यवसायात उतरावे. मुंब्रा, कोंढव्यात अनेकजण बिनकागदी दलाली करतात. त्यांनी नोंदणीकृत व्हावे आणि शहरभर काम करावे. मात्र नियम सर्वांना सारखा हवा. मोहल्ल्यातला एजंट दलित कुटुंबाला किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला घर दाखवायचे टाळत असेल, तर त्याच्यावरही कारवाई झाली पाहिजे. असे म्हणायची तयारी असेल, तरच आपल्या मागणीला वजन येईल.