नोंदवहीत नसलेला रकाना

आज 1 ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 14 डिसेंबर 1990 रोजी हा दिवस ठरवला आणि 1991 पासून तो पाळला जातो. आज गावोगावच्या वृद्धाश्रमांत दारात रांगोळी निघेल, शाल-श्रीफळ होईल, शाळेची मुले गाणी म्हणून जातील, एखादे मंडळ गोडाचे जेवण देईल. आजी-आजोबा पहिल्या रांगेत बसलेले दिसतील. त्यांना न्हाऊमाखू घालून तिथवर आणणाऱ्या मावशी मात्र फोटोत नसतील. त्या मागे गोळ्यांचे डबे घेऊन उभ्या असतील, नाहीतर कोणाला तरी संडासला घेऊन गेलेल्या असतील. आजचे हे चार शब्द त्यांच्याविषयी आहेत.

वृद्धाश्रमाचा दिवस पहाटे साडेपाचला डायपर बदलण्यापासून सुरू होतो. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींचे वजन साठ किलो धरा. त्यांना कुशीवर वळवायचे, खालची ओली चादर सरकवून काढायची, पुसून कोरडे करायचे, मग उठवून व्हीलचेअरमध्ये बसवायचे. खरे तर हे दोघींचे काम, पण रात्रपाळीला मजल्यावर एकच मावशी असते. ती एक गुडघा पलंगाला टेकवते, आजींचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेते, ‘हं आजी, घट्ट धरा’ म्हणते आणि उचलते. आजींचा पाय सटकला की त्या तिच्या गळ्याला लोंबतात. त्यांना पडू द्यायचे नसते, म्हणून सगळा भार मावशीच्या कमरेवर येतो आणि उसण भरते. दोन दिवस बाम चोळायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच पलंग. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. बारा तासांच्या पाळीत दहा रुग्ण असतील तर साठ वेळा.

हमालाच्या पाठीवर किती किलोचे पोते असावे, यासाठी आपल्याकडे माथाडींनी लढे दिले. माणूस उचलणाऱ्या बाईच्या पाठीचा विचार मात्र इथे कोणाच्या मनात आला नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेच्या तज्ज्ञाने 2007 मध्ये रुग्ण हातांनी उचलण्याची मर्यादा 35 पौंड, म्हणजे सुमारे 16 किलो सांगितली. जपान सरकारने 2013 च्या मार्गदर्शक तत्त्वांत, शुश्रूषेच्या कामात माणसाला केवळ अंगबळाने उचलायला शक्यतो लावूच नये, असे म्हटले. आपल्याकडच्या आजी साठ किलोच्या आहेत आणि मावशी एकटी आहे.

पाठ हा एक भाग झाला. दिवेलागणीच्या सुमारास स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता अनेकदा वाढते. आजोबांना घरी जायचे असते, आईने हाक मारलेली असते, आणि कोणी परकी बाई आपले कपडे का काढते आहे हे त्यांना कळत नाही. ते चावतात, बोचकारतात, काठी उगारतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण दोष कोणाचाच नसला म्हणून दंडावरचे दातांचे वण पुसले जात नाहीत. दुसरा प्रकार याहून अवघड. पूर्ण शुद्धीतले एखादे गृहस्थ आंघोळ घालताना नको तिथे हात लावतात आणि मावशीने सांगितले तर उत्तर मिळते, ‘वय झालंय त्यांचं, मनावर घेऊ नका.’ शिवाय इन्सुलिनची सुई टोचण्याची भीती आहेच. त्यावर हेपटायटिस बी ची तीन डोसांची लस आहे आणि सुया टाकायला न टोचणारा डबा मिळतो. तरीही किती मावशींनी ती लस घेतली आहे, हे आपल्या ओळखीच्या वृद्धाश्रमात एकदा विचारून पाहावे.

प्रत्येक वृद्धाश्रमात एक जाडजूड नोंदवही असते. बीपी, शुगर, ताप, लघवी किती वेळा, शौचास झाली का, जेवणात किती पोळ्या, रात्री झोप लागली का, असे सगळे रकाने आखलेले असतात. त्या वहीत मावशीसाठी रकाना नाही. आजोबा घसरले तर वेळ टाकून नोंद होते, मुलाला अमेरिकेत फोन जातो आणि मावशीला जाब विचारला जातो. आजोबांनी मावशीला ढकलले आणि ती पडली, तर होतो तो फक्त तिचा खाडा. जे लिहिलेच जात नाही ते घडलेच नाही, असे कारभारात धरले जाते.

आणि हा रकाना एखाद्या व्यवस्थापकाच्या विसरभोळेपणामुळे राहिलेला नाही, तो कायद्यातही राहिला आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या 2007 च्या कायद्यातील कलम 19 प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांना सामावेल असा वृद्धाश्रम सुचवते. त्यांच्या वैद्यकीय देखभालीसाठी आणि करमणुकीसाठी काय सेवा असाव्यात, त्यांचा दर्जा काय असावा, हेही राज्याने ठरवावे म्हणते. करमणूक सुद्धा आठवली, पण रात्री एका मजल्यावर किती माणसे कामाला असावीत याचा त्या कलमात शब्द नाही. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसा रोखण्यासाठी महाराष्ट्राने 2010 मध्ये केलेला कायदाही डोळ्यांसमोर दवाखाने आणि डॉक्टर ठेवूनच झाला. एक कायदा मात्र मावशीच्या बाजूने भक्कम उभा आहे, तो कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा. न्यास आणि सेवाभावी संस्थाही त्याच्या कक्षेत येतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. पण हे मावशीला सांगायचे कोणी? वृद्धाश्रमाच्या भिंतीवर सुविचार असतात, या समितीची पाटी क्वचितच असते.

असे का होते, याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. या कामाला आपण ‘सेवा’ म्हणतो. सेवेला पगार विचारत नाहीत, त्यात पुण्य मिळते असे म्हणतात, आणि पुण्यावर ग्रॅच्युइटी बसत नाही. आणि तिला आपण ‘मावशी’ म्हणतो. मावशी म्हटले की नाते लागते, आणि नाते लागले की हिशेब मागणे वाईट दिसते. या शब्दांतली माया खोटी नाही. शेवटच्या दिवसांत पोटच्या पोरांची नावे विसरलेल्या आजी मावशीचा आवाज ओळखतात, हे पाहिलेल्याने त्या मायेवर शंका घेऊ नये. पण त्याच मायेच्या आड बारा तासांची पाळी झाकली जाते. कामाला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोतून आलेली असेल तर तिच्या पगारातून कमिशनही कापले जाते.

कौतुकाचाही आपल्याला अनुभव आहे. 22 मार्च 2020 च्या संध्याकाळी पाच वाजता देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. पुढे टाळेबंदीत अनेक वृद्धाश्रमांनी दारे आतून बंद केली आणि मावशी आपली मुले गावी ठेवून आठवडेच्या आठवडे आतच राहिल्या. थाळ्या वाजवणाऱ्यांची भावना खरी होती. मात्र त्या आवाजाने कोणाच्या पाळीचा एक तासही कमी झाला नाही.

संस्थाचालकांची अडचण खोटी नाही, हेही म्हटले पाहिजे. बहुतेक संस्था देणगीवर चालतात. देणगीदाराला पंख्यावर, कपाटावर, खोलीच्या दारावर नाव हवे असते. मावशीच्या पगारावर नाव रंगवता येत नाही, म्हणून इमारत उभी राहते आणि तिच्यात राबणाऱ्यांसाठी पैसा उरत नाही. नातेवाइकही ‘महिन्याला किती?’ हा प्रश्न आधी विचारतात आणि ‘रात्री किती जणी असतात?’ हा विचारायचे विसरून जातात. खरे तर तो त्यांच्याच स्वार्थाचा प्रश्न आहे. दमलेल्या कमरेतूनच आजी निसटतात. आणि मावशी कंटाळून सोडून गेली की ब्यूरो नवी बाई पाठवतो, स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना पुन्हा एक अनोळखी हात सोसावा लागतो आणि पुन्हा चावा. तिची सुरक्षितता आणि त्यांची सुरक्षितता वेगळी काढता येत नाही.

काही गोष्टी थोड्या पैशांत होतात: माणूस सरकवायची घसरती चादर, उठवताना कमरेला बांधायचा पट्टा, उचलण्याची रीत शिकवणारे एक दुपारचे प्रशिक्षण, लस, सुयांचा डबा, चिडलेल्या रुग्णापासून दोन पावले मागे सरकण्याची परवानगी. रात्रपाळीला दुसरी मावशी ठेवायला मात्र खराखुरा पैसा लागतो. तो शासकीय अनुदानात, मासिक शुल्कात आणि देणगीच्या पावतीवर स्पष्ट लिहून मागितला पाहिजे. 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात रुग्णशुश्रूषाही आहे. इथल्या मुली तिकडच्या म्हाताऱ्यांना यंत्राच्या मदतीने उचलायला जात असतील, तर इथल्या म्हाताऱ्यांना कोण आणि कशाने उचलणार, हे आजच ठरवलेले बरे.

पण सगळ्याची सुरुवात फुकटात होते. आज संध्याकाळी कार्यक्रम आटोपला, सतरंज्या गुंडाळल्या की व्यवस्थापकांनी ती जाडजूड वही उघडावी, पट्टी घेऊन उजव्या कडेला एक रेघ ओढावी आणि वर लिहावे: मावशी. चावा, धक्का, पाठ, सुई, शिवी, नको तो हात, जे झाले ते तिने सांगावे आणि तिला जाब न विचारता कोणीतरी तारीख-वेळेसह लिहावे. महिन्याने तो रकाना भरलेला दिसेल आणि वाचायला जड जाईल. पण विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत दुसऱ्या मावशीच्या पगाराचा विषय निघेल, तेव्हा टेबलावर ठेवायला ती वही असेल.