पट्टीश्वरम् वगळू नये



कुंभकोणमच्या सहलीत दारासुरमचे देऊळ पाहिल्यावर पट्टीश्वरम् वगळावे, तिथे राहुकाळातल्या दुर्गापूजेची गर्दी तेवढी, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटत नाही. पट्टीश्वरम् इथल्या धेनुपुरीश्वराच्या देवळात नंदी शिवासमोरच्या रेषेतून बाजूला सरलेले आहेत. मोत्यांच्या मांडवाखालून येणारे बालसंत ज्ञानसंबंधर दिसावेत म्हणून शिवानेच नंदींना सरकायला सांगितले, अशी कथा आहे. सातव्या शतकातील तमिळ भक्तीची आठवण इथे दगडांच्या मांडणीतच टिकली आहे. तंजावरच्या नायकांचे मंत्री गोविंद दीक्षित यांची सपत्नीक मूर्तीही इथेच आहे. मराठ्यांच्या आधीचे तंजावर समजून घ्यायचे तर हे नाव टाळता येत नाही.

शिल्पकलेत दारासुरम सरस, हे खरेच. 2004 साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला तो योग्यच. पण राजराज दुसऱ्याचे ते मंदिर ज्या पळैयारै या चोळ राजधानीच्या परिसरात उभे राहिले, तिचाच पट्टीश्वरम् हा भाग. राजेंद्र चोळाने सावत्र आई पंचवन्मादेवीच्या स्मरणार्थ बांधलेले छोटे मंदिरही जवळच आहे. राजधानी सोडून एकच देऊळ पाहणे अपुरेच. राहिली गर्दी. मंगळवारी दुपारी 3 ते 4.30 आणि रविवारी 4.30 ते 6 हा राहुकाळ टाळून जावे.