मोठ्या संख्येला भिऊ नका, 'का?' विचारा

बालमित्रांनो आणि आमचे भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो, आधी ही संख्या पाहा :

१२३४५६७८९८७६५४३२१

गुरुजींनी ही फळ्यावर लिहिली तेव्हा आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. सतरा अंकी! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. ही संख्या परार्धाच्या अलीकडच्या 'मध्य' या स्थानापर्यंत पोचते. पण माझे मत असे आहे, की संख्या लांबलचक असली म्हणून अवघड नसते. पाहुण्यांची करून घेतो तशी तिचीही ओळख करून घ्यावी.

शेवटी १ आहे, म्हणजे ती विषम. २ ने आणि ५ ने भाग जाणार नाही. उजवीकडून वाचा की डावीकडून, तीच. अंकांची बेरीज ८१, म्हणून ९ ने पूर्ण भाग जातो. म्हणजेच ती मूळ संख्या नाही, संयुक्त आहे. एक सोडून एक अंक मिळवले तर ४१ आणि ४० येतात. फरक १ उरतो, म्हणून ११ ने भाग जात नाही. भागाकार न मांडता एवढे कळले की नाही?

आता गंमत. ११ × ११ = १२१. १११ × १११ = १२३२१. असाच नऊ एकांचा वर्ग केला की वरची संख्या येते. अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव द. रा. कापरेकर यांनी दिले. ते १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. म्हणजे शोध लावायला शाळाही पुरते!

मग आमच्यातला एक जण म्हणाला, "दहा एकांचा वर्गपण असाच येणार!" आम्ही गुणाकार केला. आला १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब! मधली बेरीज १० झाली, हातचा १ गेला. शेजारच्या ९ चे १० झाले, पुन्हा हातचा. त्याने ८ चा ९ झाला. सगळे त्या मुलाला हसले. मला ते मुळीच आवडले नाही. तो चुकला म्हणून तर हातच्याची करामत आम्हाला कळली. एरवी आम्ही नुसता नमुना पाहून खरे मानले असते.

हसणाऱ्यांमुळे मुले बोलायची बंद होतात. "तुला गणित जमायचं नाही" असे घरी ऐकले, की पाटीच बाजूला ठेवतात. म्हणून पालकांना विनंती, "किती मार्क पडले?" हे मागाहून विचारा. आधी विचारा, "हे असं का झालं, सांग बघू!"

आणि मित्रांनो, अकरा एकांचा वर्ग उद्या करून आणा. चुकला तरी आणा.